लिओटानं केक खाल्ला

मर्ल गस्टिन दोन्ही हातांत काचेचं भांडं धरून कोपरानं फाटकाची कडी काढू पाहत होता, आणि ते काही त्याला साधत नव्हतं. लिओटा ब्रँडमायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. एरवी ती धावत गेली असती. मर्लचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते, आणि ती कडी तिचा नवरा ऑरिन गेल्यापासून कुणी दुरुस्त केली नव्हती. पण आज भांड्यावर इस्त्री केलेला पांढरा रुमाल होता आणि मर्लच्या अंगात कोट होता. मर्ल कोट घालायचा तो दोनच कामांना, कुणाला पुरायचं असेल तेव्हा आणि केक घेऊन कुणाच्या दारात जायचं असेल तेव्हा. त्या आठवड्यात गावात कुणी मेलेलं नव्हतं.

"आला मेला," लिओटा मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकणारं कुणी नव्हतं, पण नवरा गेल्यापासून तिला एकटीनं बोलायची सवय झाली होती.

मर्लच्या मागून डेनिस येत होती. डेनिस म्हणजे सेंट लुइसहून आलेली बाई. नदीकाठचं जुनं धान्याचं कोठार विकत घेऊन तिनं त्याचं गेस्ट हाउस केलं. ती आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यातच पळून जाईल अशा पैजा आम्ही लावल्या होत्या. ती पळाली तर नाहीच, उलट गावात पाहुण्यांसाठी रात्री निघते त्या भुतांच्या फेरीची अर्धी कामं तिनं अंगावर घेतली. फाटक शेवटी तिनंच उघडलं.

आमच्या मार्लो लँडिंगमध्ये मंडळी केक घेऊन दारात आली की काय समजायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुमच्या घरातल्या मेलेल्या माणसाला भूत म्हणून फेरीत घ्यायचंय, आणि त्यासाठी घरच्यांची परवानगी हवी आहे.

ही रीत ऑरिननंच घालून दिलेली. ऑरिन ब्रँडमायर शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा. त्याच्या तरुणपणीच गावाची रया गेली होती. मिसिसिपीवरच्या आगबोटी आजोबांच्या काळात बंद झाल्या, रेल्वे पलीकडच्या काठानं गेली, नदीतल्या शिंपल्यांची बटणं करणारा कारखाना होता तोही प्लास्टिकच्या बटणांनी बुडवला. राहिल्या विटांच्या चार गल्ल्या, नदीत उतरणारा दगडी जिना आणि टेकडीवरचं कबरस्तान. "आपल्याकडे जिवंत माणसं कमी आणि मेलेली जास्त," ऑरिन एका सभेत उभा राहून म्हणाला, "तेव्हा मेलेल्यांनाच कामाला लावू." लोक पोट धरून हसले. पुढच्या ऑक्टोबरात मात्र शुक्रवारी अंधार पडला की शिकागोचे पाहुणे चर्चसमोर जमायला लागले, आणि हातात कंदील घेतलेला ऑरिन त्यांना गल्लीगल्लीतून फिरवायला लागला. कुठल्या माडीवर कोण अजून येरझाऱ्या घालतं, कुठल्या तळघरात कोण खोकतं, हे तो असं सांगायचा, की आम्ही जन्मभर इथं राहिलेली माणसंसुद्धा घरी जाताना मागं वळून बघायचो.

पण कुणाच्याही माणसाला परस्पर भूत करायचं नाही, हा त्याचा दंडक. आधी घरच्यांना विचारायचं. आता आमच्याकडची जुनी घराणी जर्मन. त्यांच्याकडून सरळ होकार काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, आणि तोंडावर नाही म्हणायची भीड त्याहून मोठी. म्हणून ऑरिननं केकची युक्ती काढली. सफरचंदाचा केक घेऊन जायचं, विषय काढायचा, कॉफी प्यायची, आणि केक तिथंच ठेवून यायचं. केक न कापता परत आला, तर नाही. भांडं धुऊन परत आलं, तर हो. "तोंडं बघू नका, भांडं बघा," ऑरिन सांगायचा. आणि एकदा केक खाल्ला की माघार नाही. वॉल्टर श्नेल एकदा काकाच्या भुतावरून तणतणत आला होता, की मी कधी हो म्हटलं? ऑरिननं त्याला विचारलं, "केक कसा झाला होता?" वॉल्टर पडला सरळ माणूस. म्हणाला, "चांगला होता." "मग झालं तर," ऑरिन म्हणाला, आणि श्नेलकाका आजतागायत लोहाराच्या गल्लीत हातोडा आपटतो आहे.

या रीतीत एकदाच तो स्वतः अडकला. बर्नाडिन केसलरचे आजोबा दातांचे डॉक्टर होते. गावातल्या सगळ्या बड्या घरांचं एकेक भूत फेरीत, आणि आपल्या घरचं एकही नाही, हे बर्नाडिनच्या नाकाला फार झोंबायचं. दिवसातून दहा लोकांना ती ते बोलून दाखवायची. शेवटी एका दुपारी तिनं स्वतःच केक करून ऑरिनकडे पाठवला. बिचाऱ्यानं कशाचा आहे, कुणाचा आहे, न विचारता चहाबरोबर खाल्ला. मग काय करतो? तेव्हापासून फेरी बँकेच्या कोपऱ्यावर थांबते आणि सांगणारा म्हणतो, "इथं डॉक्टर केसलर यांचा दवाखाना होता. ते अजून कुणाला दिसलेले नाहीत." एवढंच. पाहुणे सगळ्यात जास्त हसतात ते तिथं, आणि बर्नाडिनला वाटतं की ते भीतीनं हसतात.

हे सगळे केक केले कुणी, तर लिओटानं. ऑरिनला अंडं उकडता यायचं नाही. पण केक घेऊन ती कधी कुणाच्या दारात गेली नाही, आणि फेरीत तिनं कधी गोष्ट सांगितली नाही. तिची जागा सगळ्यात मागं. पुढं ऑरिन, मधे पाहुणे आणि शेवटी बॅटरी घेतलेली लिओटा, कुणी रेंगाळलं, कुणाच्या चपलेचा पट्टा तुटला, तर बघायला. प्रत्येक कोपऱ्यावर ऑरिन पुढून हाक द्यायचा, "मागचे आले का?" आणि लिओटा ओरडायची, "आले!" मग फेरी पुढं सरकायची. इतकी वर्षं तिनं नवऱ्याच्या गोष्टी त्याच्या पाठीकडूनच ऐकल्या.

आणि आता तिच्याच टेबलावर मर्लनं ते भांडं ठेवलं होतं.

"ती कडी दुरुस्त करून घे की," मर्ल खुर्चीत बसत म्हणाला.

"जन्मभर हार्डवेअरचं दुकान तू चालवलंस. मी कुणाला सांगू?"

मर्लनं कॉफीच्या कपात तोंड घातलं. डेनिसनं इकडं तिकडं बघितलं, आणि कुणीच सुरुवात करत नाही म्हटल्यावर तिनंच केली. "मिसेस ब्रँडमायर, आम्ही कशासाठी आलोय ते..."

"कळलंय मला. नाही. कॉफी घ्या, गार होतेय."

"निदान ऐकून तरी घ्या. नदीच्या जिन्यापाशी लोकांना दिसतो एक माणूस. कंदील घेतलेला. माझ्याकडे उतरलेल्या दोघातिघांनी आपणहून सांगितलंय."

"धुक्यात नदीकाठी माणसाला काहीही दिसतं. त्यात तुमच्याकडे संध्याकाळी वाइन फुकट असते म्हणे."

मर्लला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. डेनिसला राग आला नाही, याचं कौतुकच करायला हवं. ती म्हणाली, "मी मिस्टर ब्रँडमायरना कधी बघितलेलं नाही. म्हणूनच मला वाटतं, की..."

"म्हणूनच तर नको," लिओटा म्हणाली. "मर्ल, हेडविग राश तुला आठवते?"

"जिन्यावरची ओल्या कपड्यांतली बाई."

"बघ! बघ कसं म्हणालास. अरे, तुझ्या शेजारी राहायची ती. काकडीचं लोणचं घालायची, आख्ख्या गावाला वाटायची. हसायला लागली की खुर्चीतून खाली घसरायची. तू लहानपणी तिच्या झाडावरून पडलास तेव्हा तिनंच तुला पाठुंगळीला घेऊन डॉक्टरकडे नेलं होतं. आणि आता तुला काय आठवतं? ओले कपडे. तिच्या सख्ख्या भाचीला विचार, तिलासुद्धा तेच आठवतं. मी मागं चालत चालत बघितलंय रे सगळं. दर शुक्रवारी गोष्ट सांगायची, आणि दर शुक्रवारी माणूस थोडा थोडा पुसायचा. शेवटी गोष्ट उरते, माणूस जातो. ऑरिनचं तसं होऊ देणार नाही मी."

मर्लनं कप खाली ठेवला. त्याचं आणि ऑरिनचं मैत्र शाळेतलं. ऑरिनच्या शवपेटीला खांदा द्यायला गुडघे साथ देईनात, तर हा पठ्ठ्या काठी टेकत शेवटपर्यंत बरोबर चालला होता.

"तुझं खरं आहे," तो म्हणाला. "पण तुझ्याकडे त्याचं सगळं आहे, लिओटा. कपडे आहेत, हत्यारं आहेत, रात्री कुठल्या कुशीवर झोपायचा ते आहे. आमच्याकडे काय आहे? परवा मी फेरी घेऊन निघालो तर एकानं विचारलं, ही सुरू कुणी केली? मी सांगायला तोंड उघडलं, तर तो दुसरीकडेच बघायला लागला. पुढच्या वर्षी मला हे चढउतार जमायचे नाहीत. मग राहील डेनिस. तिला कुणी विचारलं तर ती काय सांगणार? होता कुणीतरी मास्तर."

लिओटा उठली आणि कप धुवायला लागली. अजून कुणाची कॉफी संपली नव्हती, पण आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते सांगावं लागत नाही. दोघं उठले. केक रीतीप्रमाणे टेबलावरच राहिला.

त्या संध्याकाळी ती नुसती धुमसत होती. स्वयंपाक करायचा तिला कंटाळा आला. एकटीसाठी काय करायचं, हे तर नेहमीचंच. सातच्या सुमाराला तिनं रुमाल उचलून बघितला. मर्लनं स्वतः केलेला दिसत होता. एक बाजू करपली होती, अक्रोड सगळे एकाच कोपऱ्यात जमले होते. "याला केक म्हणतात?" ती ऑरिनच्या खुर्चीला म्हणाली, आणि किती वाईट झालाय ते बघायला तिनं कडेचा तुकडा मोडला. तो काही इतका वाईट नव्हता. दालचिनी जास्त झाली होती. खरंच जास्त झाली होती का हे बघायला तिनं मधलाही तुकडा घेतला.

आणि खाता खाता तिला पहिली फेरी आठवली. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. फेरी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ऑरिन तिला म्हणाला, "तू मागं चाल. कुणी चुकायला नको." तिला वाटलं, मास्तर माणूस, पोरांची रांग लावायची खोड. दोन-तीन वर्षं ती तशीच चालली. मग एका शुक्रवारी ती तापानं फणफणली, आणि ऑरिननं फेरी रद्द केली. पाऊस येणार आहे, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. बाहेर आभाळात चांदण्यांचा सडा पडला होता.

"पाऊस?" लिओटानं पांघरुणातून विचारलं.

तो पलंगाच्या कडेला बसला होता. बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. "मला अंधाराची भीती वाटते गं," तो म्हणाला. "लहानपणापासून. तुझा आवाज मागून आला नाही तर मी त्या जिन्यापाशी पाऊल टाकू शकत नाही."

तेव्हा तिला सगळं उलगडलं. तळघरातल्या बरण्या काळोख पडल्यावर नेहमी तीच का आणते, कोपऱ्याकोपऱ्यावर हाक कशासाठी असते, फेरी संपल्यावर घरापर्यंत तो तिचा हात इतका घट्ट का धरतो. लोक म्हणायचे, बघा, म्हातारपणीसुद्धा कसं प्रेम! प्रेम होतंच. पण हाताला घामही असायचा.

"मग कशाला हा उद्योग आरंभलास, बाबा?" तिनं विचारलं होतं. आणि तो म्हणाला होता, "अंधारात कोण कोण आहे ते नावानिशी माहीत असलं की जरा बरं वाटतं."

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मर्ललासुद्धा नाही. गावाला ठाऊक असलेला ऑरिन भुतांशी नजर भिडवणारा होता. हा दुसरा तिचा एकटीचा होता. आणि अलीकडे तिला एका गोष्टीची धास्ती वाटायची. त्याचा आवाज तिला नीट आठवेनासा झाला होता. शब्द आठवायचे, पण ते तिच्याच आवाजात. रात्री पडल्या पडल्या ती "मागचे आले का?" असं मनात म्हणून बघायची, आणि ते कुणी भलताच माणूस म्हणाल्यासारखं वाटायचं.

खाणं थांबलं तेव्हा भांड्यात चार अक्रोड राहिले होते. तेही तिनं खाल्ले.

सकाळी उठल्यावर तिनं भांडं घासलं, पुसलं. परक्याचं भांडं घरात ठेवून घेणं तिच्या हातांना माहीत नव्हतं, आणि ते रिकामं परत करणं तर आमच्याकडे कुणाच्याच हातांना माहीत नसतं. तिनं परसातले दोन लाल भोपळे त्यात ठेवले, ते मर्लच्या पायरीवर नेऊन ठेवलं आणि चर्चमध्ये खिडक्या पुसायला गेली. तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जन्मभर केक करून धाडणाऱ्या बाईला तो दारात आल्यावर काय करायचं याची सवयच नव्हती.

दुपारी पोस्टाच्या बाहेर मर्लनं तिला गाठलं. त्याचे डोळे भरून आले होते. भर रस्त्यात त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "लिओटा, मला वाटलं नव्हतं. तुझे उपकार कसे फेडू?"

"दोन भोपळ्यांचे?"

"भांडं धुऊन पाठवलंस."

लिओटाच्या तोंडचं पाणी पळालं. "मी नाही म्हटलं होतं! तुझ्या तोंडावर म्हटलं होतं, त्या डेनिसच्या देखत!"

"तोंडं बघू नका, असं कोण म्हणायचं?"

"मला भूक लागली होती, मेल्या!"

"सगळा खाल्लास?"

तिनं आपले हात सोडवून घेतले. मर्लनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कसा झाला होता?"

खोटं बोलणं तिलाही जमलं नसतं. "दालचिनी जास्त झाली होती," ती म्हणाली. तेवढ्यात पोस्टातून बर्नाडिन केसलर बाहेर आली, आणि तिचे कान पहिल्यापासून तीक्ष्ण. "ऑरिनला घेताय का? किती वाक्यं देणार त्याला?" तिनं विचारलं. मर्ल म्हणाला, आख्खा जिना. बर्नाडिनचा चेहरा पडला. "माझे आजोबा इतकी वर्षं बँकेपाशी उभे आहेत," ती म्हणाली, "त्यांना अजून दुसरं वाक्य नाही." आणि तरातरा निघून गेली.

संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलं, लिओटानं केक खाल्ला. भेटेल तो तिचं अभिनंदन करायचा. ती घरी येऊन ऑरिनच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. रीत त्याची, दंडक त्याचा, आणि फास तिच्या गळ्याला. मोडायचा म्हटलं तर त्याचाच शब्द मोडायचा, आणि मग श्नेलकाकांपासून सगळी घराणी उठून म्हणतील, आमचंही परत द्या.

एकच वाट होती, आणि तीही त्यानंच ठेवलेली. नवीन भूत पहिल्यांदा सांगतात त्या रात्री घरच्यांनी येऊन ऐकायचं. गोष्ट संपली की सांगणारा विचारतो, काही चुकलं का? तेव्हा बोलायचं ते बोलायचं. पुढं मग कुणी हूं की चूं करायचं नाही. बहुतेक घरचे नुसती मान हलवतात.

शुक्रवारी लिओटा चर्चसमोर येऊन उभी राहिली. पाहुणे बरेच होते, पायाखाली मेपलची पानं चुरचुरत होती. डेनिस मागं चालायच्या तयारीत होती, तिच्या हातातली बॅटरी लिओटानं काढून घेतली. "तुम्ही पुढं जा," ती म्हणाली. "मागं मी आहे."

फेरी निघाली. लोहाराची गल्ली झाली, बँकेचा कोपरा झाला, डॉक्टर केसलर कुणाला दिसले नाहीत, लोक हसले. आणि कोपऱ्यावरून मर्लनं सवयीनं हाक दिली, "मागचे आले का?"

लिओटानं ओठ घट्ट मिटले. पण हाक आली की उत्तर जायचं, त्यात तिचं काही चालत नव्हतं. "आले!" ती ओरडली. तिचा आवाज विटांवरून पुढं गेला. तिला इतकं बरं वाटलं, की त्याचाच तिला राग आला.

जिन्यापाशी नदीवरून गार वारा येत होता. मर्लनं कंदील वर धरला आणि सुरुवात केली. बोलतो चांगला, ऑरिनच्याच हाताखाली तयार झालेला. सांगायला लागला, की या गावात एक उंचापुरा माणूस होता. लांब काळा कोट घालायचा. भुताखेतांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. मध्यरात्री एकटा या जिन्यावरून पाण्यापर्यंत उतरायचा, आणि नदीत बुडालेल्यांची विचारपूस करायचा. भीती म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. आता धुकं पडलं, कुणी वाट चुकलं, की त्याचा कंदील दिसतो, आणि तो माणसाला घरापर्यंत सोडतो. पुढं उभ्या असलेल्या एका बाईनं अंगावर शहारा आल्यासारखी शाल ओढून घेतली.

लिओटा ऐकत होती. तिच्या डोळ्यांसमोर तो उंच काळा माणूस जिना उतरायला लागला, आणि घाबरून तिनं खऱ्या ऑरिनला आठवायचा प्रयत्न केला. दोन क्षण तिला फक्त कोटच दिसला. इतक्या लवकर? एकदा ऐकल्यावरच?

मर्लनं कंदील खाली घेतला. "घरचं माणूस हजर आहे," तो म्हणाला. "काही चुकलं का?"

"चुकलं," लिओटा मागून म्हणाली.

सगळे वळले. इतक्या वर्षांत फेरीत तिच्या तोंडून एका शब्दापलीकडे कुणी काही ऐकलं नव्हतं. गर्दी बाजूला झाली आणि ती पुढं आली.

"तो उंच नव्हता. माझ्याएवढा होता. आणि कोट काळा नव्हता, तपकिरी होता, कॉर्डरॉयचा, कोपरावर फाटलेला."

"अगं, रात्री काळा जरा..." मर्ल पुटपुटला.

"तपकिरी." पाहुणे हसले. ती थांबली. तिला तिथूनच परत फिरता आलं असतं. उंची झाली होती, कोट झाला होता, आणि राहिलेलं तिचं एकटीचं होतं. ती जिन्याकडे बघत होती. पहिल्या पायऱ्या कंदिलाच्या उजेडात होत्या, खालच्या दिसत नव्हत्या.

"आणि तो शूर नव्हता," ती म्हणाली. "तो अंधाराला भ्यायचा. तळघरात जायचा नाही. या जिन्यावरून एकटा तो एकदाही उतरलेला नाही, दिवसासुद्धा मला बरोबर घ्यायचा. कोपऱ्यावर हाक द्यायचा ना, ती तुमच्यासाठी नव्हती. मी मागं आहे की नाही ते बघायचा. पाऊस येणार म्हणून फेरी रद्द केली होती त्या रात्री मी आजारी होते, म्हणून रद्द केली होती. आणि एवढा भित्रा माणूस दर शुक्रवारी इथं उभा राहायचा, आणि आपल्या सगळ्यांच्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायचा. सांगायचंच असेल तर हे सांगा."

आता कुणी हसलं नाही. मर्लचं तोंड उघडं राहिलं होतं. "मला कधी बोलला नाही तो," तो म्हणाला. "इतकी वर्षं."

"तुला कशाला सांगेल? दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं."

मर्लनं मान खाली घातली. तो डोळे पुसतो आहे हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. डेनिस लिओटाच्या जवळ आली. "मिसेस ब्रँडमायर, ही जागा काढून टाकूया," ती हळूच म्हणाली. "केकबिक जाऊ दे. आम्ही नाही सांगणार."

लिओटानं नकारार्थी मान हलवली. ती पाण्याकडे वळली.

"राहू दे त्याला इथं," ती म्हणाली. "पण गोष्ट संपली की तुम्ही लोकांना घाईघाईनं पुढच्या गल्लीत नेता, तसं इथं करू नका. मी येईपर्यंत थोडं थांबत जा त्याच्याजवळ. घाबरतो तो."